सकाळी सहाचं हरीण

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात होता.

योकोहामातल्या आमच्या कंपनीनं मला दोन महिन्यांसाठी होक्काइदोच्या एका डोंगरगावात पाठवलं. काम काय, तर हरणं मोजायची! हिवाळ्यात तिथली हरणं कोवळ्या झाडांच्या साली सोलून खातात, आणि लावलेलं रान उभंच्या उभं वाळून जातं. म्हणून गावच्या वनसमितीनं ठरवलं होतं, की सवय लागावी म्हणून बर्फाच्या आधीपासूनच हरणांना टेकडीवर एका जागी खायला घालायचं. बीटाचा चोथा दाबून केलेल्या विटा ठेवायच्या. पोट भरलं की ती झाडांना तोंड लावणार नाहीत. रोज किती हरणं येतात ते माझा कॅमेरा टिपणार आणि माझा प्रोग्राम मोजणार.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा तो रात्री जेवायलाच घरी. "त्या बाराव्या मजल्यावर मी भिंतींशी बोलू का?" असं म्हणून त्या माझ्याबरोबर निघाल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

आम्ही राहिलो एका आजींच्या घरी, मागच्या दोन खोल्यांत. आजी पंचाहत्तरीच्या, एकट्या, आणि त्यांच्या सहा काळ्या गाई. ती टेकडी समितीची होती, पण पहिला बर्फ पडेपर्यंत गाई तिथं चरायच्या. अडचण इथंच होती. हरणांसाठी ठेवलेलं गोड गोड खाणं गाई सोडतील होय? दोन दिवसांत सगळं फस्त. समितीच्या अध्यक्षांनी आजींना नम्रपणे, चार वेळा वाकून सांगितलं, की गाई आवरल्या नाहीत तर त्या टेकडीवरून खाली न्याव्या लागतील. खाली नेल्या की साठवलेला चारा महिनाभर आधीच सुरू करावा लागणार, आणि तेवढा चारा आजींकडे नव्हता. म्हणजे दोन गाई तरी विकायच्या. हे आजींनी मला सांगितलं तेव्हा त्या मुळा किसत होत्या, आणि किसायच्या थांबल्या नाहीत.

मग मी म्हटलं, कुंपण घालू. हरणाला उडी मारता येते, गाईला येत नाही. एवढ्या भांडवलावर मी आणि आजींनी ते बांधलं. रानात विरळणी करून पाडलेल्या झाडांचे वासे समितीनं फुकट दिले. शेजारच्या गोदामातून लाकडी पॅलेट आणले, माल ठेवायच्या फळ्यांचे ते चौकोन. खिळे आणि तार तेवढी विकत घेतली. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. पहिलं कुंपण मी फार लहान केलं, तर हरणं बाहेर उभी राहून नुसती बघत राहिली. आजी म्हणाल्या, आत शिरल्यावर पळायला जागा दिसली नाही तर कोण उडी मारेल? मग ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढं मोठं केलं. विटा ठेवायला आत जाता यावं म्हणून एका बाजूला छोटं फाटक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली हरिणी अलगद आत उतरली, आणि आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

सासूबाईंना मात्र हे मुळीच पटलं नाही. "गाईला कुंपण आणि हरणाला पंगत! हा कुठला गं न्याय?"

"आई, हे पुणं नाही," मी म्हटलं आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. माझं तेच चालायचं. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, जेवताना एक कान फोनकडे. त्या काहीतरी सांगायला लागल्या की मी "हं, हं" करायचे. तिसऱ्या "हं"ला त्या गप्प व्हायच्या. ते मला सोयीचंच वाटायचं.

कुंपणाच्या आत गाय येऊच शकत नाही, म्हणून मी प्रोग्राम सोपा ठेवला होता. आत जे हलेल ते हरीण. आकडे छान येत होते. त्यात एक हरीण तर भलतंच शिस्तीचं होतं. रोज सकाळी सहाला एकटंच यायचं, पंधरा-वीस मिनिटं एकाच कोपऱ्यात उभं राहायचं आणि जायचं. मी रिपोर्टमध्ये कौतुकानं लिहिलंसुद्धा. जपानमधलं हरीण, वेळ पाळणारच!

आणि मग कुंपण मोडायला लागलं. एकदा मोडलं, आम्ही नीट केलं. चार दिवसांनी पुन्हा मोडलं, त्याच कोपऱ्यात. वासे आतल्या बाजूला झुकलेले आणि सहाच्या सहा गाई आत. अध्यक्ष आले, पुन्हा चार वेळा वाकले, आणि म्हणाले की आता आपण कॅमेऱ्यातलं चित्रण बघू आणि काय ते ठरवू. बैठक दुसऱ्या दिवशी होती. आजींनी त्या दुपारी गुरांच्या व्यापाऱ्याचा नंबर शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवला.

तोवर मी नुसते आकडेच बघत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा चित्रण उघडलं. सकाळचे सहा. फाटक उघडतं. आणि माझं ते शिस्तीचं हरीण आत येतं. नऊवारी नव्हे, पण साडीच, तिच्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट, कानटोपी, आणि हातात स्टीलचा डबा. सासूबाई! त्या फाटक नीट लावून घेतात, कोपऱ्यात जातात आणि कुंपणावरून गाईला पोळी भरवतात. एवढ्या मोठ्या काळ्या गाईंची त्यांना भीती वाटत असणार. म्हणून स्वतः कुंपणात आणि गाई बाहेर. एका पोळीसाठी सहा गाई त्या कोपऱ्यावर रेलत होत्या. वासे मोडणार नाहीत तर काय? कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण माझ्या घरातलं होतं.

माझा पारा चढला. "आई, काय केलंत तुम्ही हे! त्यांच्या गाई विकायची वेळ आली तुमच्यामुळे!"

त्या गॅसपाशी उभ्या होत्या. "पहिली पोळी गाईची," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून घालते. पुण्यात गाय दारात यायची नाही, तर मी गोठ्यापर्यंत चालत जायचे. इथं गाय समोर दिसतेय आणि..." मग माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलं. "विकायची? का?"

मी सगळं सांगितलं. आधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला, पदर खांद्यावरून घेतला. "चल आजींकडे. तू फक्त मी बोलते ते सांग."

आजींसमोर त्या खाली बसल्या आणि हात जोडले. "माझी चूक झाली. गाईंची नाही. तुम्ही उद्या सगळ्यांना माझं नाव सांगा." मी ते जपानीत सांगितलं.

आजी म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाईच्या तोंडाला तुपाचा वास येत होता."

मी थक्क झाले. "मग बोलला का नाहीत? तुमच्या गाई चालल्या होत्या!"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण सरळ. "तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर असता. त्या सकाळी टेकडीवर जाऊन गाईशी बोलतात. भाषा कळत नाही, पण खूप बोलतात. इथं त्यांच्याशी बोलायला दुसरं कोण होतं?"

सासूबाईंनी माझ्या हाताला हात लावला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुपाचा वास यायचा," मी म्हटलं. पुढचं मी सांगितलंच नाही. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी चित्रण दाखवलं आणि माझी मोजणी चुकली हेही कबूल केलं. अध्यक्ष हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत. सासूबाईंचं म्हणणं मीच मांडलं. पोळी बंद नको, जागा बदला. टेकडीच्या पार दुसऱ्या टोकाला, खालच्या रस्त्याच्या फाटकाशी. बर्फापर्यंत एक संधी मिळाली. त्या दिवसापासून सहाही गाई उजाडायच्या आधीच खालच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या, दिवसभर तिथंच घोटाळायच्या, आणि कुंपणाकडे एकही फिरकली नाही. फ्रिजवरचा कागद आजींनी कधी काढला ते मला दिसलं नाही, पण एक दिवस तो तिथं नव्हता.

बर्फ पडला त्या सकाळी गाई गोठ्यात जायच्या होत्या आणि आम्ही योकोहामाला. मी पहिल्यांदाच सासूबाईंबरोबर खालच्या फाटकापाशी गेले. वाटेत मी त्यांना आजींचं ते राहिलेलं वाक्य सांगून टाकलं. सगळं, जसंच्या तसं.

"कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "भाषा कशाला लागते? तुझा चेहरा बघितला ना मी."

त्यांनी पहिली पोळी गाईला घातली, तिच्या कपाळावरचा बर्फ झटकला. मग डब्यातली दुसरी पोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"खा," त्या म्हणाल्या. "आणि आता तू बोल काहीतरी."