शेवटच्या वळणाचा नियम

मी कॉलेजात गणित शिकवते. एखादी गोष्ट खरी आहे असं कुणी म्हणालं की ‘कशावरून?’ हे माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. या सवयीमुळे नातेवाइकांत मी फारशी लोकप्रिय नाही. धायरीच्या पुढे डोंगराच्या उतारावर असलेल्या त्या मातीच्या ट्रॅकवर तर अजिबातच नव्हते.

ट्रॅकवर आमचे हे जायचे. पन्नाशी उलटल्यावर लोक तबला शिकतात, गुडघ्यांसाठी योगासनं करतात. यांनी जुनी हॅचबॅक घेतली आणि दर रविवारी सकाळी ती पळवायला सुरुवात केली. एका वेळी एकच गाडी, एकच फेरी, आणि लागलेली वेळ फळ्यावर. स्टॉपवॉच माझ्याकडे असायचं, कारण बाकी सगळ्यांना गाडी चालवायची असे. तीन वर्षं मी एका छत्रीखाली बसून लोकांच्या वेळा वहीत लिहिल्या.

यांची वेळ एक मिनिट आणि वर काहीतरी. कधी एक सेकंद, कधी दोन. एकदा तरी मिनिटाच्या आत यायचं, एवढीच यांची इच्छा होती. त्यात यंदा मणक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं की हे धक्केबिक्के आता बंद. यांनी भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस करून दोन रविवार मागून घेतले. डॉक्टरांनी ते नाइलाजानं दिले.

हे नवशिक्यांना शिकवायचेही. आयटीतली पाच-सहा तरुण मंडळी यांच्याभोवती उभी राहून ‘सर, सर’ करायची आणि हे नियम सांगायचे. वळणात सावकाश शिरा, बाहेर पडताना जोरात पडा. वळण बाहेरच्या कडेनं धरा, मधे आतल्या कडेला चिकटा, परत बाहेर जा. मातीवर चाकांतली हवा कमी ठेवा, पकड वाढते. मी कशावरून म्हणून विचारलं की सगळे असंच करतात, हे उत्तर मिळायचं, आणि वर एक व्हिडिओ.

हवेचंच घ्या. एका रविवारी यांनी हवा कमी केली, पुढचे टायर बदलले आणि डिकीतली स्टेपनी काढून ठेवली. वेळ अर्ध्या सेकंदानं उतरली. ‘बघ, हवा,’ हे म्हणाले. तीन गोष्टी एकदम बदलायच्या आणि गुण आला की आवडत्या गोष्टीला श्रेय द्यायचं, ही पद्धत आमच्या घरात सर्दी-खोकल्यातही चालते. पुढच्या रविवारी मी हट्टानं फक्त हवा पूर्ववत भरायला लावली. वेळ होती तिथेच राहिली. त्यावर, आज ऊन वेगळं होतं, असं मला सांगण्यात आलं.

मग मी वहीत आणखी एक रकाना आखला. शेवटच्या वळणाआधी रस्त्यावर ठेवतात तसे दोन नारिंगी प्लास्टिकचे कोन होते, तिथपासून शेवटपर्यंतचा वेळ वेगळा लिहू लागले. महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. कोनापर्यंत यांची गाडी ट्रॅकवरच्या कुणाहीपेक्षा मागे नव्हती. शेवटच्या वळणात मात्र हे दीडेक सेकंद घालवत होते, आणि यांची सगळी शिष्यमंडळीही तेवढाच वेळ घालवत होती. यांच्याकडे कधीच न शिकलेले दोघे-तिघे वेडीवाकडी गाडी हाकत तिथून लवकर निघत होते. मी घरी जेवताना वही दाखवली. हे म्हणाले, ‘तू बाहेर बसून बघतेस. आत बसल्याशिवाय ते कळत नाही.’

मला ते पटलं, म्हणून मी आत बसले. गाडीच्या नाही, टँकरच्या. ज्यांच्या जमिनीवर हा ट्रॅक होता ते शेतकरी धूळ शेजारच्या मेथी-कोथिंबिरीवर जाऊ नये म्हणून दर रविवारी सकाळी स्वतः टँकर फिरवून पाणी मारायचे. यांना मिळालेल्या दोनपैकी पहिल्या रविवारी मी लवकर पोचले आणि त्यांच्या शेजारी चढून बसले. शेवटच्या वळणावर त्यांनी टँकर अगदी आतल्या अंगानं, कड न सोडता काढला. बाहेरून का नाही घेतलात, मी विचारलं.

‘बाहेरनं कशाला जाऊ, ताई? तिकडं नुसती सुटी खडी हाय. टँकर रुतंल की. हितं आत माती दबून पार घट झालीया.’

एवढंच होतं ते. तीन वर्षं टँकर आतली बाजू भिजवून दाबत होता आणि गाड्या बाहेरच्या बाजूला खडी उडवून ठेवत होत्या. यांचा नियम डांबरावर बरोबरच असेल. या वळणाची ओळख त्याला कुणी करून दिली नव्हती.

मी हे घरी सांगितलं नाही. आठवडाभर पोटात ठेवलं. मला ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. यांच्या पहिल्या दोन झाल्या: एक मिनिट एक पॉइंट दोन, आणि एक मिनिट शून्य पॉइंट नऊ. शिष्यमंडळी यांच्याभोवती जमली होती. मी तिथे जाऊन म्हटलं, मी टँकरमध्ये बसून बघितलंय, शेवटचं वळण पूर्ण आतून घ्या. हे हसले आणि म्हणाले, मॅडम आता टँकरवरून लाइन शिकून आल्यात. सगळे हसले. मी चावी मागितली.

बाजारहाट सोडून ती गाडी मी कधी चालवली नव्हती. माझी फेरी एक मिनिट नऊ सेकंदांची झाली आणि दोनदा गिअर चुकला. पण शेवटचं वळण मी टँकरसारखं काढलं. स्टॉपवॉच मी एका शिष्याकडे दिलं होतं. त्यानं वहीतला रकाना दोनदा तपासला आणि चाचरत म्हणाला, ‘सर, लास्ट टर्नला मॅडम तुमच्यापेक्षा वन पॉइंट फोर फास्ट आहेत.’

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फारच झाला.

मग यांची तिसरी फेरी. कोनापर्यंत ती यांची आजवरची सर्वांत चांगली फेरी होती. घड्याळ मी परत माझ्याकडे घेतलं होतं. आतून काढली गाडी की मिनिटाच्या आत, सहज. गाडी बाहेरच्या कडेला गेली, खडी उडाली, मागचं चाक घसरलं, सावरलं. एक मिनिट शून्य पॉइंट तीन. मी लिहिलं.

परत येताना गाडी मी चालवली, कारण यांची कंबर धरली होती. धायरी फाट्यावर नेहमीसारखीच गर्दी होती. तिथे अडकल्यावर मी म्हटलं, ‘अहो, आतून का नाही गेलात? हातात होतं.’

‘आतून गेलो असतो तर मिनिट तुझं झालं असतं,’ हे म्हणाले. ‘मला माझं हवं होतं.’

पुढचा सिग्नल लाल झाला. हे खिडकीबाहेर बघत होते.

‘तू टँकरमध्ये कधी बसलीस?’

‘मागच्या रविवारी.’

‘म्हणजे आठवडाभर माहीत होतं,’ म्हणत यांनी मान डोलावली आणि सीट जरा मागे केली. मला रडू येत होतं, आणि गाडी चालवायची होती.