सुभद्राअक्कांची कापलेली चार गाणी

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांच्या कॅसेटची नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात बाजारात आली आणि तीत सुभद्राअक्कांनी स्वतः रचलेली चारही प्रेमगीतं नाहीत. जळगावातल्या ज्या कंपनीनं ती काढली, तिच्या व्यवस्थापकांनी फोनवर मला याला दुजोरा दिला. लोकांना जुनं, पारंपरिकच लागतं, असं त्यांचं म्हणणं. अक्कांच्या साठीनिमित्तच्या या गौरव अंकात मी गोड लिहायला हवं. ते जमणार नाही, वाचकांनी समजून घ्यावं.

अक्का मला पहिल्यांदा भेटल्या त्या नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावी, चौदा वर्षांपूर्वीच्या आखाजीला. मी धुळ्याच्या दैनिकात बातमीदार होतो. माहेरी आलेल्या लेकी आणि गावातल्या बायका निंबाला बांधलेल्या दोन झोक्यांवर समोरासमोर होत्या. त्या गावची रीत अशी की एका झोक्यानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर तो झोका हरला, आणि मग वर्षभर टोमणे. मी कोणालाच काही न विचारता भराभर उतरवून घेत होतो. अक्का झोक्यावरूनच म्हणाल्या, "पेपरवाला भाऊ, इचारस का नुसता लिखस?" सगळ्या हसल्या. मी तरीही विचारलं नाही. बातमीत 'पारंपरिक गाणी' एवढंच छापलं. त्यातली निम्मी अक्कांची होती. आठ दिवसांनी त्यांनी एसटीच्या कंडक्टरजवळ बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा पाठवला, सोबत निरोप: आधी खा, मग विचार, मग लिही. चुकलेल्याला असं वागवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

पुढे त्यांचे दीर यशवंतनाना ढोलकीवर बसले, गावातल्या बायकांचा संच झाला आणि कॅसेट निघाली. तिची बांधणीच झोक्यासारखी होती. जुन्या गाण्यात लेक विचारते, माझ्यावाचून सासरी कोणाचं अडतंय? अक्कांचं प्रेमगीत लगेच नवऱ्याच्या तोंडून सांगतं, कोणाचं आणि किती अडतंय ते. आखाजीला पुजतात त्या गौराईच्या गाण्यांत नवराबायकोचं प्रेम कशाला, असं शहाण्यांनी तेव्हाही म्हणून पाहिलं. अक्का हलल्या नाहीत. ध्वनिमुद्रणात एक प्रेमगीत बिघडलं, तेव्हा तेवढंच पुन्हा घेऊ असं ठरत होतं. सवालाशिवाय जबाब गळ्यातून निघत नाही म्हणून त्यांनी दोन्ही गाणी पुन्हा गायली.

आता त्याच जोड्या कंपनीनं फोडल्या. वेष्टनावर 'पारंपरिक' लिहिलं, अक्कांचं नावही काढलं. मी संतापून गावी गेलो. अक्का शेंगा फोडत होत्या. नावाचं त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सवाल ठेवात आनि जबाब कापी टाकात. बठ्ठा खान्देशमा मना झोका हरना ना, भाऊ."

सगळ्या खान्देशात आपला झोका हरला, हे अक्कांच्या तोंडून ऐकून ज्याला राग येणार नाही, त्यानं अक्कांच्या गौरवाला येऊ नये. आणि आपण काय केलं? आपल्या गौरव समितीनं त्याच कंपनीच्या मालकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. पत्रिका छापून झाल्या, आता कसं बदलणार, असं मला सांगण्यात आलं. अक्कांच्या गाण्यांना कात्री लावताना कोणाला असा प्रश्न पडला नव्हता. मीही हात झटकू शकत नाही. 'पारंपरिक' हा शब्द त्यांच्या गाण्यांना पहिल्यांदा मीच लावला होता.

पाहुण्यांचं नाव काढायला लावतो, असं मी अक्कांना म्हणालो. त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली.

"येऊ द्या त्यासले," त्या म्हणाल्या. "पुढेच बसाडा."

तेव्हा येत्या रविवारी सत्काराला उत्तर म्हणून अक्का भाषण करणार नाहीत. यशवंतनाना ढोलकी घेऊन येतील, संचातल्या बायका सवाल टाकतील आणि चारही जबाब अक्का एकट्या देतील. त्यांचा दम आणि गुडघे शाबूत राहोत आणि पुढच्या कितीतरी आखाजींना त्यांना कोणाच्या हाताशिवाय झोक्यावर चढता येवो. पाहुण्यांनी मात्र चौथं गाणं संपेपर्यंत उठू नये.