नर्सला घंटेखाली बसवू नये

आमदार होण्याआधी आमची वहिनी वीस वर्षं सरकारी प्रसूतिगृहात नर्स होती. निम्मं गाव तिच्या हातांत जन्मलं, म्हणून ती निवडून येते, असं विरोधक म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिचा धाकटा दीर. तिची गाडी चालवतो आणि तिच्या भानगडी निस्तरतो. दुसरं काम जास्त.

पहिल्याच वर्षी तिने इमारत खात्याच्या इंजिनिअरला गळक्या प्रसूतिकक्षात कोंडलं. बाहेर पाऊस धो धो. तासाभराने साहेब ओलेचिंब बाहेर आले, आठवड्यात छप्पर दुरुस्त झालं आणि पेपरांत ‘आमदारबाईंची दादागिरी’ छापून आली. पुढे सभागृहात एक मंत्री मान टाकून झोपले होते, तर बाई सरळ उठून त्यांची नाडी बघायला गेल्या! हक्कभंग आला. माफी मागायला उभी राहिली आणि म्हणाली, "नाडी उत्तम होती, उगाच काळजी केली, माफ करा." मी गॅलरीत तोंड लपवून बसलो होतो. हसू आवरत नव्हतं, आणि खरं सांगतो, अभिमानही वाटत होता.

पण तिसऱ्यांदा निवडून आल्यावरचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिच्याच पक्षाच्या सरकारने विधेयक आणलं: छोटी प्रसूतिगृहं बंद, सगळ्या बाळंतिणी मोठ्या शहरात. आमच्याकडून तिथे जायला चार तास. पोट दुखायला लागलेली बाई चार तास कुठे धरून बसणार? विरोधात मत दिलं तर आमदारकी जाणार, हे पक्षाच्या प्रतोदांनी, म्हणजे आमदारांना शिस्तीत ठेवणाऱ्या गृहस्थांनी, बजावलं. वर तेच गोड बोलले, "बाई, तुम्ही फक्त गैरहजर राहा. साप मरेल, काठीही मोडणार नाही."

दोन दिवस वहिनी जेवली नाही नीट. शेवटी मान डोलावली. मलाही हायसं वाटलं. मतदानाच्या दिवशी प्रतोदांनी तिला माझ्यासकट स्वतःच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, दारावर माणूस ठेवला. सगळी तयारी चोख. चूक एकच झाली. ती खोली सभागृहाला लागून होती आणि मतदानाची घंटा नेमकी तिच्या दारावर टांगलेली.

घंटा वाजली. ती थांबली की सभागृहाची दारं बंद होतात. वहिनीचा कप बशीत आपटला आणि ती उठली. वॉर्डातली घंटा वाजल्यावर वीस वर्षं उठत आली होती तशीच. दारावरचा माणूस आडवा आला.

"बाजूला हो!" ती ओरडली, आणि तो झाला. बाळंतपणाच्या खोलीत तिने हा शब्द टाकला की डॉक्टरसुद्धा बाजूला होत.

"वहिनी, आमदारकी जाईल!" मी मागे धावत म्हणालो.

"भावजी, घंटा वाजल्यावर मी कधी बसून राहिलेय का?"

चपला हातात घेऊन ती आत घुसली आणि मागे दार लागलं. विधेयक एका मताने पडलं.

आमदारकी गेली ती गेलीच. पक्षाने हाकलून दिलं. पोटनिवडणुकीत ती अपक्ष उभी राहिली. प्रतोद स्वतः प्रचाराला आले आणि म्हणाले, बाईंना शिस्त नाही. सभेत मागून एक म्हातारी ओरडली, "तुमच्या सुनेचं बाळंतपण काढायला शिस्तीला बोलवा!" तिथेच निकाल लागला, मोजणी नुसती नावाला. मागच्या तिन्ही वेळांपेक्षा जास्त मतांनी वहिनी आली.

मिरवणूक निघाली. उघड्या जीपवर वहिनी, शेजारी मी, पुढे बँड. प्रसूतिगृहासमोर आलो आणि बँडवाले जरा दम खायला थांबले. तेवढ्यात आतून वॉर्डातली घंटा ऐकू आली.

मी शेजारी पाहिलं. जागा रिकामी! गळ्यातली फुलं सीटवर पडलेली आणि आमदारबाई फाटकातून आत पळत होत्या.

लोक माझ्याकडे बघायला लागले. मिरवणूक काही रिकाम्या जीपची निघत नाही. मग मीच ती फुलं गळ्यात घातली, हात जोडले आणि बँडवाल्यांना म्हणालो, "हळू वाजवा रे, आत बाळंतपण चाललंय."