आडनावांचा फिल्टर

“लिही. कांबळे, बनसोडे, सोनवणे, ओव्हाळ, गायकवाड…”

मुख्याध्यापक खुर्चीत रेलून, डोळे मिटून सांगत होते आणि मी टाईप करत होते. प्रत्येक आडनाव अवतरणचिन्हांत, मध्ये स्वल्पविराम. सहावं आडनाव माझ्या सासरचं होतं. आठवं माहेरचं. सरांनी डोळे उघडले नाहीत. मीही थांबले नाही. दोन्ही घरं माझ्याच हातानं त्या कोडात घातली.

गावाचं नाव सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात कुठंही धरा. संस्थेची शाळा, आणि मी तिथली कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. मॅक्रो मी मोबाईलवर बघून बघून शिकले. मॅक्रो म्हणजे एक्सेलला आधीच लिहून ठेवलेला हुकूम. बटण दाबलं की साऱ्या शाळेच्या यादीतून हवी तेवढी नावं समोर राहतात, बाकीची लपतात. सरांना शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या पोरांची यादी हवी होती, नोटीस बोर्डावर लावायला. जातीच्या रकान्यात घोळ होता. कुणी बौद्ध लिहिलेलं, कुणी नवबौद्ध, कुणी महार, कुणी रकाना कोराच सोडलेला. कोडला हे सगळं वेगवेगळं दिसतं. मी म्हटलं, “सर, दोन दिवस द्या. दाखले बघून रकाना नीट भरते.”

“दाखले कशाला बघतीस? आडनावावरनं कळतंय की सगळं.”

मी गप्प बसले. हे आधीच कबूल करते. लहानपणी गुरुजी वर्गात “सवलतवाले उभे राहा” म्हणायचे. तेव्हा मान खाली घालून उभी राहायचे, तशीच मान खाली घालून टाईप केलं. आणि मॅक्रो पहिल्याच फटक्यात चालला तेव्हा मला चक्क बरं वाटलं. आपल्याला जमलं म्हणून. त्या बरं वाटण्याची आज किळस येते.

यादी सकाळी बोर्डावर लागली. मधल्या सुट्टीत संस्थेचे एक संचालक आले. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांची नात नववीत. आडनाव गायकवाड. गायकवाड आमच्यातही आहेत, त्यांच्यातही. सरांना हे सुचलं नाही. मला सुचलं होतं का? सुचलं असेल. बोलले नाही.

“आमच्या लेकराचं नाव ह्या यादीत?” दादांनी बोर्डावरून फाडून आणलेला कागद टेबलावर टाकला. “कुणाच्या हातचं काम हाय हे?”

सरांनी माझ्याकडं बोट केलं. “बाईची चूक हाय, दादा.”

दादा माझ्याशी बोललेच नाहीत. सरांनाच म्हणाले, “हिच्याकडनं लिहून घ्या.”

सरांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि पुन्हा सांगायला लागले. “माझ्या चुकीमुळे सदर विद्यार्थिनीचे नाव अनुसूचित जातीच्या यादीत आले व तिच्या कुटुंबाचा अपमान झाला, त्याबद्दल…”

‘आले’पर्यंत मी लिहिलं. तिथं पेन खाली ठेवलं.

त्यांची पोरगी अर्धा दिवस आमच्या नावांमध्ये राहिली, तर अख्ख्या घराण्याचा अपमान. माझी लेक सातवीत आहे. तिचंही नाव होतं त्याच कागदावर. तिचं नाव भिंतीला डकवलं तेव्हा कुणाला अपमान दिसला नाही. मलासुद्धा नाही. सरांचा राग आला, दादांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मला आला.

“चूक झाली असं लिहिते, सर. अपमान झाला असं न्हाय लिहिणार.”

“एका शब्दाचं काय धरून बसलीस? नोकरीवर पाणी सोडायचंय का?”

“आमच्या शेजारी नाव लागलं तर अपमान कसा हुतो, तेवढं दादांनी सांगावं. मग लिहिते.”

दादा उठले. “उद्यापासनं ही बाई नको,” एवढंच म्हणाले आणि गेले.

मी तोच कागद पुढं लिहिला. कोणती आडनावं, कोणत्या क्रमानं, कुणी सांगितली. मी दाखले बघू म्हटलं होतं तेही लिहिलं. खाली पूर्ण नावानं सही केली आणि कारकुनाकडून पोच घेतली. घरी नवरा म्हणाला, “लिहून टाकायचं व्हतंस की.”

आठवड्यानं सरांचा फोन. “फॉर्मची मुदत संपायलीय. ये, तेवढी यादी करून दे. झालं गेलं सोड.”

मी म्हटलं, येते. दाखले काढून ठेवा, एकेक बघून भरते. यादी भिंतीला लागणार नाही, ज्याचा कागद त्याच्याच हातात जाईल. आणि आडनावावर फिल्टर लावायचा असेल तर तसा आदेश तुमच्या सहीनं लेखी द्या.

सरांनी फोन ठेवून दिला.

पोरांचे फॉर्म मी राहू देणार नाही. वस्तीत घरोघर बसून भरून घेईन. पण यापुढं त्या खुर्चीत बसले काय किंवा दुसऱ्या कुठल्या ऑफिसात बसले काय, आडनावावरून जात काढणाऱ्याचा तोंडी हुकूम मी टाईप करणार नाही. सही करा म्हणेन. आणि केलीच कुणी सही, तर तो कागद घेऊन मी पहिल्या एस.टी.नं धाराशिवला जाईन, कलेक्टर कचेरीत.