मायची गोल गेंद

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो चंद्रपूरहून एसटीने. मॉनिटर माझ्या मांडीवर, सीपीयूचा डबा पायाशी, आणि उतरेपर्यंत दोन्ही पायांना मुंग्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी ज्या क्लासमध्ये शिकवायचो त्यांनी नवी यंत्रं घेतली आणि हे जुनं माझ्या वाट्याला आलं. ते बघायला अर्धं गाव येऊन गेलं, पण त्याच्यावर खरा हक्क बजावला तो मायने.

माय तलावावरून मासोळी आणायची, विकायची, घरी येऊन हात साबणाने दोनदा धुवायची. की-बोर्डला वास लागतो असं मी एकदा बोलून गेलो होतो, ते तिने मनाला लावून घेतलं होतं. मग खुर्चीवर मांडी घालून बसायची. एका फ्लॉपीत मावणारा, डॉसवर चालणारा एक खेळ होता. वर रंगीत विटांची भिंत, खाली एक फळी, मधे उड्या मारणारा पांढरा चेंडू. बाणाच्या बटणांनी फळी सरकवायची आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही. दिवसभर क्लासात पोरांना कॉम्प्युटर शिकवून मी घरी येऊन मायकडून हरायचो.

"पाण्यात मासोळी कुठी वळते ते पाहूनच जन्म गेला माहा," ती म्हणायची. "ही तं साधी गेंद आहे."

पुढे ते यंत्र निकामी झालं, मला गडचिरोलीत नोकरी लागली आणि मायही माझ्याकडे राहायला आली. येताना जाळं विणायचं सामान तेवढं आठवणीने आणलं. मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा छान झाला, महिन्याभराने डावा करू. मी इतका खूश झालो की नवाकोरा, रुंद, चपटा मॉनिटर घेऊन आलो. जुने डॉसचे खेळ चालवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं, फ्लॉपीतला खेळ एका मित्राकडे निघाला, आणि एका संध्याकाळी मी मायला समोर बसवून पडदाभर खेळ सुरू केला.

"बघ माय, केवढं मोठं दिसतंय."

तिने पहिला चेंडू सोडला. दुसराही सोडला. तिसऱ्याला फळी नेली खरी, पण मन नव्हतं. "राहू दे बापू," म्हणाली आणि उठून गेली. वयानुसार सवय मोडली असेल, असं मी धरून चाललो. मॉनिटरचं कौतुक करायला मात्र मला रोज वेळ होता.

डाव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा माय जाग्यावरून हलेना. आधी म्हणाली सर्दी आहे, मग म्हणाली पाहुणे येणार आहेत. मी चिडलो. मला चिडायला फार वेळ लागत नाही.

"काऊन नाई म्हणून राह्यली? एका डोळ्यानं किती दिवस काढशील?"

माय जाळं विणत होती. हात न थांबवता म्हणाली, "जो केला तोच बिघडला. दुसरा तरी राहू दे."

"काय बिघडलं?"

"तुह्या त्या खेळातली गेंद अंड्यावानी दिसते मले. आडवी."

मी घाईने विचारलं, "आणि भाकर? भाकर कशी दिसते?"

"गोल. पण भाकर मी हातानं थापते ना बापू. ती गोल आहे हे हाताले माहीत आहे. गेंद तं फक्त डोळ्यानं पाह्यली मी." मग म्हणाली, "तुले वाईट वाटल म्हणून बोलली नाई."

तीन आठवडे ही बाई डोळा गेला असं समजून गप्प बसली होती, आणि मी रोज तिच्यासमोर मॉनिटर पुसत होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी खेळ लावला, चेंडू फळीवर थांबलेला असताना नीट पाहिलं, आणि मलाही शंका आली. मीसुद्धा तो इतके दिवस बघत होतो, पण रुंद पडद्याच्या नादात माझ्या नजरेला काही खटकलंच नव्हतं.

जाळ्याची घरं, म्हणजे गाठींमधली भोकं, सारखी यावीत म्हणून विणताना बांबूची एक पट्टी वापरतात. मायने ती हातातल्या जाळ्यातून काढली, उठून पडद्याजवळ आली आणि चेंडूवर आडवी धरून नखाने खूण केली. मग तीच पट्टी उभी धरली. चेंडू खुणेपर्यंत पोचला नाही.

"आडवीच आहे," माय म्हणाली. आवाजात इतका आनंद होता की मला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने पट्टी मला दिली. मीही मोजलं. चेंडू खरोखरच आडवा होता. मायचा डोळा शंभर नंबरी होता, खोटं बोलत होता तो माझा मॉनिटर.

पुढच्या दोन संध्याकाळी मी त्याच कामात घालवल्या. मॉनिटरची सगळी बटणं दाबून झाली, काही फरक पडेना. शेवटी उलगडा झाला. जुन्या मॉनिटरची काच चित्राला उभं ताणायची, म्हणून खेळ बनवणाऱ्याने चेंडू मुळातच चपटा काढला होता. काचेवर तो आपोआप गोल व्हायचा. नवा पडदा उभं ताणत नव्हता, त्यामुळे चपटा तो चपटाच. सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्यासाठीच एक ओळ होती आणि ती बंद होती. ती चालू केली. चित्र पडद्याच्या मधोमध आलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. कडा जरा पुसट झाल्या, त्यावर तिसरी संध्याकाळ गेली.

मायला हे समजावून कसं सांगावं, याची मी मनात तयारी केली होती. तिने मला दुसऱ्या वाक्यावरच थांबवलं.

"जाळं आडवं ओढलं का घर आडवं दिसते, उभं ओढलं का उभं. घर तेच राह्यते. एवढंच ना?"

एवढंच होतं. क्लासात मी हे शिकवलं असतं तर फळ्यावर दोन आकृत्या काढून तासभर लावला असता.

पट्टी पुन्हा आडवी, पुन्हा उभी. दोन्हीकडे खूण बरोबर लागली. मायने पट्टी टेबलावर ठेवली, साबणाने हात दोनदा धुतले, मांडी घालून बसली आणि भिंतीच्या तीन रांगा फोडल्या. मासोळीचा धंदा सुटून वर्षं झाली होती, तरी हात धुतले.

"डाव्याची तारीख घे," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

डाव्या डोळ्याचंही काम नीट झालं. आमच्याकडे येणारे लोक विचारायचे, एवढा रुंद मॉनिटर घेतला आणि दोन्ही बाजू काळ्या का ठेवल्या? मी हसून सोडून द्यायचो. डाव्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर माय घरी आली ती चहा न घेता थेट खुर्चीवर. मी खेळ सुरू केला आणि बांबूची पट्टी तिच्यापुढे धरली. चेंडू फळीवर थांबला होता. मायने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे.

"ठेवून दे ते," म्हणाली. "मले दिसते."