वरच्या मजल्यावरचा हिवाळा

सिंगापूरमध्ये स्वतःच्या मालकीचा हिवाळा असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या बरोबर डोक्यावर राहत होता. क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये आम्ही नवव्या मजल्यावर आणि काका-काकू दहाव्या. बाहेर बारा महिने घामाच्या धारा, पण काकांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर, कायम पाच अंश सेल्सिअस. त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीचा भाडेकरू एक वाइन चिलर सोडून गेला होता. काचेचं दार, आत निळसर दिवा. काका-काकू दोघंही दारूला न शिवणारे. काकूंनी त्यात आधी कोथिंबीर आणि नागपूरहून आलेली संत्रा बर्फी ठेवली. मग एका रविवारी काकांनी बर्फी बाहेर काढली आणि आत एक कुंडी ठेवली. कुंडीत गवत होतं. पाहुणे येत, निळ्या उजेडात ऐटीत बसलेलं ते गवत बघत, आणि काही विचारावं की नाही या संकोचात पाण्याचा पेला हातात घेऊन उभे राहत. काकू म्हणायच्या, "याच्यापेक्षा दारू प्यायले असते ना, तर बरं झालं असतं. लोकांना समजावता तरी आलं असतं!"

काका जुरोंग आयलंडवर एका कारखान्यात इंजिनिअर होते. पाइपांना कुठे बारीक तडा गेलाय का, हे भिंगातून बघणं हे त्यांचं काम. पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जाई. गळ्यात पास आणि त्याच फितीला लटकवलेलं छोटं भिंग. पाइप संपले की ते भिंग गवताकडे वळे. बेटावर फोटो काढायला मनाई, म्हणून तिथलं गवत ते तोंडपाठ करून घरी आणत. माझी आणि त्यांची ओळख अशीच लिफ्टमध्ये झाली. मी अनोळखी माणसांसोबत लिफ्टमध्ये असले की मजल्यांच्या आकड्यांकडे बघते. त्या संध्याकाळी मागून आवाज आला, "पेर केसाळ, गळ्याशी पांढरी झालर, पानाच्या कडा खरखरीत, काडी चपटी." मला वाटलं, फोनवर बोलताहेत. वळून पाहिलं तर फोन नव्हता. "विसरू नये म्हणून म्हणतोय," ते म्हणाले. मग एकदम खिशातून एक पान काढून माझ्यापुढे धरलं. "हे बोटावर फिरवून बघ. कुठल्या दिशेनं अडतं?" मी फिरवलं. "खालच्या," मी म्हणाले. बहुधा इंग्रजीतच. ते इतके खूश झाले की माझा नववा मजला गेला, दहावा आला, दार उघडलं, बंद झालं आणि आम्ही दोघंही परत तळमजल्यावर पोचलो.

गवत ओळखायचं तर फुलाची वाट बघत बसू नये, त्याच्या अंगाखांद्यावर बघावं, असं त्यांचं म्हणणं. पान काडीला जिथे मिठी मारतं तो त्याचा गळा. तिथे कुणाला केसांची झालर असते, कुणाला पातळ पापुद्रा, कुणाला काहीच नाही. काडीवरची पेरं म्हणजे त्याचे गुडघे. कुणाचे गुळगुळीत, कुणाचे केसाळ, कुणाला तर लांब पांढरी दाढी. ही सगळी लव भिंगातून दिसतेच, पण काकांचा खरा भरवसा वरच्या ओठावर. "पाइप हाताळून बोटं मेली माझी," म्हणत ते पान ओठांवरून हळूच फिरवत आणि डोळे मिटत. मराठी मंडळींच्या एका सहलीत, ईस्ट कोस्टच्या हिरवळीवर, त्यांना या अवस्थेत पाहून एका नव्यानं आलेल्या बाईंनी काकूंना हळूच विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?" काकूंनी तितक्याच हळू उत्तर दिलं, "घरी कुठे, ते तर तिकडे गवतात आहेत."

काका-काकू बौद्ध. त्यांच्याकडे गणपती बसत नाही. तरी गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे, कारण दुर्वा खऱ्या की खोट्या हे सांगणारा दुसरा माणूस आमच्यात कुणाला ठाऊक नव्हता. एकदा बुकित तिमाहच्या एका ताई आपल्या कॉन्डोच्या हिरवळीवरून पिशवीभर गवत खुडून घेऊन आल्या. मी तेव्हा काकूंना साबुदाणा परत द्यायला गेले होते आणि नेहमीप्रमाणे दाराच्या कडेला उभी होते. काकांनी एक काडी उचलली, गळा उलगडला आणि मान हलवली.

"ताई, ही दुर्वा नाही."

"अहो, तीन पानं आहेत की!"

"तीन पानं कुणालाही असतात. गळ्यात बघा. पांढऱ्या केसांची बारीक झालर पाहिजे, इथे नुसता पापुद्रा आहे."

"देव काय भिंग घेऊन बघणार आहे का, भाऊ?"

"देवाचं मला माहीत नाही, ताई. मी तर बघतोय ना!"

आणि ऑफिसचा शर्ट न बदलता ते खाली गेले, बसस्टॉपमागच्या उतारावर उकिडवे बसून खऱ्या दुर्वांची जुडी खुडून घेऊन आले. ताईंनी विचारलं, दुसरी काडी नाही का तपासणार? त्यावर काकांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "एक पेर पुरे. दुसऱ्या पेराकडे बघतो तो संशयी माणूस."

आता त्या चिलरमधल्या गवताचं. तरुण असताना काका दोन वर्षं अमेरिकेत एका रिफायनरीत कामाला होते. पहिलाच हिवाळा, लग्न व्हायचं होतं, बोलायला कुणी नाही. सगळं करपून तपकिरी झालेलं. एका रविवारी गाड्या लावायच्या मैदानाच्या कडेला त्यांनी पालापाचोळा पायानं उकरला, तर खाली एक गवत हिरवंगार बसलेलं. आखूड, रुंद पानं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी जमिनीलगत गोल पसरलेली. "सगळे मेले होते गं, आणि हा पठ्ठा बैठक मारून बसला होता." हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलायचा. या जातीची गवतं थंडीत अशी बैठक मारतात, ऊब आली की त्यातून उंच काडी काढतात, आणि त्या काडीवरची पानं इतकी वेगळी असतात की तेच गवत आहे यावर विश्वास बसू नये. गंमत म्हणजे ती दोनदा फुलतात. एकदा वर, वाऱ्यावर, सगळ्यांसमोर. आणि नंतर दुसऱ्यांदा आत, पानाच्या खोळीत, जिथे फूल उघडतसुद्धा नाही. बंदच राहतं आणि बंदच बी धरतं. "लाजतात का?" मी विचारलं होतं. काकांनी थोडा विचार केला. "नाही. त्यांचं त्यात भागतं."

त्या मैदानावर काकांना एक मित्र भेटला. तिथलाच, उंच, अबोल, तोही पाइप बघणारा. तोही ते गवत बघायला वाकला होता. दोघांचं तिथेच भांडण जुंपलं. सारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत, एकीच्या पेरांना दाढी आणि दुसरीची पेरं सफाचट. बैठकीत पेरं दिसतच नाहीत, त्यामुळे काडी वर येईपर्यंत कुणीही काहीही म्हणावं. काका म्हणाले दाढी, मित्र म्हणाला सफाचट. वसंत आला, काडी निघायच्या आत गवत कापणारं यंत्र फिरलं. दुसऱ्या वर्षीही तेच. मग काका परत आले, लग्न झालं, सिंगापूर झालं, पण दर नव्या वर्षाला मित्राचा एका शब्दाचा निरोप येई, "सफाचट." आणि काकांचं उत्तर जाई, "दाढी." दोघांमध्ये याखेरीज काही बोलणं झाल्याचं काकूंना आठवत नाही. पुढे त्या मैदानावर गोदाम बांधायचं ठरलं, तेव्हा मित्रानं जाऊन मुळाशी पानांच्या खोळीत दडलेलं चिमूटभर बी गोळा केलं, आणि काकांनी सगळ्या परवानग्या काढून ते रीतसर इथे आणवलं. आता ते भांडण मिटवणारं गवत, त्या दोघांच्या माहितीत तरी, फक्त त्या वाइन चिलरमध्ये होतं.

चिलरमधला पहिला हिवाळा सरल्यावर काकांनी कुंडी कॉरिडॉरमध्ये उन्हात ठेवली. काडी वर आली. पेराची जागा फुगायला लागली. शनिवारी भिंग लावून बघायचं ठरलं, आणि शुक्रवारी एका साळुंखीनं ती काडी घरट्यासाठी उपटून नेली. पुढचे कित्येक दिवस काका दुर्बीण घेऊन ब्लॉकभोवतीची झाडं धुंडाळत होते. खालच्या कॉफीशॉपमधले चिनी आजोबा त्यांना विचारायचे, "अंकल, वॉट बर्ड आह?" काका सांगायचे, "नो बर्ड. ग्रास." आजोबा मान डोलवायचे आणि टेबलावरच्या मित्रांकडे बघायचे.

दुसरा हिवाळा अर्ध्यावर असताना काकांच्या कारखान्यातला त्यांचा विभाग बंद झाला. इथे राहायचा वर्क पास संपत आला. साठीजवळच्या माणसाला नवीन नोकरी कोण देणार? नागपूरला परत जायचं ठरलं. खोकी भरली जात होती आणि काका चिलरसमोर स्टूल टाकून बसलेले. काकू मला म्हणाल्या, "फ्लॅट सोडायचं यांना काही नाही. एवढी वर्षं झाली, पण तसा चेहरा नाही. चेहरा आहे तो या गवतासाठी."

मी कधी आपण होऊन काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाले, "आमच्याकडे ठेवू?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पेराकडे बघत.

घरी बाबांनी विचारलं, "वाइन चिलर घ्यायचा आणि त्यात गवत ठेवायचं?" बाबा बँकेत आहेत, त्यांना वस्तूचा उपयोग लागतो. आई म्हणाली, "खालचा कप्पा माझा. लोणचं राहील." मी मान डोलवली. चिलर लिफ्टनं एक मजला खाली आला. काका बरोबर, एक हात दारावर, आजारी माणसाला नेतात तसे. जायच्या सकाळी सूचना झाल्या: उजेड किती, पाणी किती, बाहेर कधी काढायचं, साळुंखीसाठी जाळी. मग काकूच म्हणाल्या, "ते भिंग द्या ना तिला. ती काय नुसते डोळे फाडून बघेल?" काका थबकले. गळ्यातला कारखान्याचा पास त्यांनी आदल्या दिवशी निमूट परत केला होता; भिंग काढायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. निरोप त्यांनी गवताचा घेतला, ओठांवरून एक पान फिरवून. मला म्हणाले, "पेर दिसलं की फोन कर. मेसेज नको. फोन."

मी फोन करत नाही. माझ्या मैत्रिणींनाही ठाऊक आहे.

हिवाळा संपवून मी कुंडी खिडकीत ठेवली, भोवती मच्छरदाणीचं कापड. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी वाकून बघे आणि आई म्हणे, "झालीस तूपण त्यांच्यासारखी?" काडी आली. वाढली. पहिलं पेर दिसलं. मी भिंग लावलं. गुळगुळीत. वाटलं, लहान आहे, दाढी नंतर येईल. दुसरं पेर आलं, तिसरं आलं. वर विरळ फुलोराही आला, दाणे टाचणीच्या डोक्याएवढे. मी ओठांवरसुद्धा फिरवून पाहिलं, दार बंद करून. सफाचट.

काका हरले होते. मी त्यांना हे सांगायचं होतं, आणि तेही फोनवर.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मागे कूलरचा घरघराट.

"पेर?" ते म्हणाले. हॅलोसुद्धा नाही.

"हो. काका... केस नाहीत."

मग काकांनी विचारलं, "उजेड होता का नीट?"

"हो."

"भिंग पुसलं होतंस?"

"हो, काका."

"हं." मला वाटलं, फोन ठेवतील, मित्राला कळवतील, आणि इतक्या वर्षांचं एका शब्दाचं भांडण आज संपेल. मग त्यांचा आवाज आला, एकदम कामाच्या सुरात. "असं बघ, एका काडीवर काही ठरत नसतं. ऊन जास्त लागलं असेल. सिंगापूरचं पाणीही वेगळं. अजून एक हिवाळा जाऊ दे. पुढची काडी आली की बघू."

मागून काकू ओरडल्या, "अहो, एक पेर पुरे ना तुम्हाला?"

"तू गप्प बस," काका म्हणाले, आणि मला, जरा हळू, "पुढच्या काडीला करशील ना फोन?"

मी तीन पेरं पाहिली होती. मी ते सांगणार होते, पण म्हणाले, "करेन."

नव्या वर्षाला मित्राचा शब्द आला की काकांचा शब्द जाईल, मला त्याची काळजी उरली नाही.

काही आठवड्यांनी काडी वाळत आली तेव्हा मी पानाची एक खोळ नखानं उलगडली. आत, कधीही न उघडलेलं, बी भरलेलं होतं. ते मी कागदात बांधून ठेवलं. खाली, मुळाशी, नव्या आखूड पानांची बैठक जमायला लागली होती. नागपुरात तेव्हा ऊन पेटलेलं होतं. मी चिलरचं दार उघडलं, आईनं वरच्या कप्प्यापर्यंत आणलेल्या लोणच्याच्या बरण्या परत खाली सरकवल्या, कुंडी आत ठेवली आणि काकांचा हिवाळा सुरू केला.