कमानीवरचा दिवा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय—खरंच ठाऊक नाही.

रहिमतपुरात माझं दुकान आहे. दिवे आणि कॅमेरे बसवतो. या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात—दिवा कॅमेऱ्याच्या पाठीशी हवा. समोर ठेवला की येणारा माणूस काळा पडतो.

पलूसजवळ तात्यांच्या द्राक्षबागेत मी तो समोर ठेवला. फाटकाच्या कमानीवर, कॅमेऱ्याकडं तोंड करून. का? सुंदर दिसायचं हो! संध्याकाळी धुकं उतरलं की पडद्यावर प्रत्येकजण दुधाळ उजेडातून तरंगत यायचा—तात्या, त्यांचा गडी, गवताचा भारा घेतलेली बाई. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी स्वतःवरच खूश होतो.

शेजारच्या रिकाम्या रानात तेव्हा म्हाकूआबांची मेंढरं बसायला होती. दरसाल यायची, रानाला लेंडीखत, धनगराला धान्य. मी तारा ओढत होतो तेव्हा आबांनी मला मेंढीच्या दुधाचा चहा पाजला होता. घट्ट, धुरकट—ती चव अजून तोंडात आहे.

मग तात्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. पडद्यावर बघतो तर उजेडातून येणारी एक काळी आकृती, खांद्यावर घोंगडं. की पोतं? तात्यांनी आबांना बोलावलं आणि मला विचारलं, "ह्यो म्हाकूच हाय न्हवं?"

आबा वाकून बघत राहिले. "आवं, ह्याला तर त्वांडच न्हाई," म्हणाले. आणि माझ्याकडं पाहिलं.

एवढंच बोलायचं होतं—तात्या, दिवा चुकलाय, यात कुणीच ओळखू येणार नाही. पण मग चूक माझी ठरली असती. मी म्हणालो, "व्हय, तसंच वाटतंय."

त्याच संध्याकाळी कळप निघाला. कमानीसमोरून जाताना एकेक मेंढरू उजळत होतं, विझत होतं. शेवटी आबा. तेव्हाही ते मला सुंदर वाटलं—याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची काच पुसायच्या निमित्तानं मी दिवा गुपचूप फिरवला. आबांची मेंढरं मात्र त्या शिवारात पुन्हा कुणी बसवून घेतली नाहीत.

परवा कोरेगावच्या रस्त्यावर एक कळप आडवा आला. मागं आबा, त्यांच्यामागं मावळता सूर्य. तोंड दिसत नव्हतं. तरी लांबूनच ओळखलं मी त्यांना.

पडद्यावरचा तो माणूस मी ओळखला नव्हता. तेव्हाही नाही.

आबांनी हात वर केला. मी गाडी माघारी वळवली.